ब्रेक पॅड बदलताना क्लिपा, पिना, स्प्रिंगाही बदलून घेता का? (नाशिक)

गंगापूररोडकर:
नमस्कार मंडळी. गाडी स्विफ्ट आहे, पुढे डिस्क आणि मागे ड्रम. पुढचे पॅड गेल्या पावसाळ्याच्या आधी नवे टाकले होते, तरी आता डाव्या पुढच्या चाकातून घासल्याचा आवाज येतोय. वणीच्या गडावरून नांदुरीला उतरलं की डावं चाक उजव्यापेक्षा चांगलंच तापलेलं असतं, नुसता जवळ हात नेला तरी झळ लागते.

काल चाक उतरवून बघितलं. डावीकडचा आतला पॅड पत्र्यापर्यंत आलाय आणि बाहेरचा अर्ध्याहून जास्त शिल्लक आहे. उजवीकडचे दोन्ही सारखे झिजलेत. जिथे काम केलं होतं तिथे विचारलं तर म्हणाले, "पॅड हलके निघाले असतील, दुसरे टाकून देतो." मला हे पटत नाही. चारही पॅड एकाच डब्यातले होते. पॅडच हलके असते तर चारही संपले असते, एकटाच कसा संपला?

आणखी दोन गोष्टी दिसल्या. पॅडचे कान ज्या पत्र्याच्या क्लिपांत बसतात, त्या क्लिपांच्या मागून गंजाचे पोपडे निघत होते. आणि कॅलिपरची (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची) वरची पिन बोटाने मागेपुढे होते, पण खालची पकडीने पिळल्याशिवाय हलेना. बाहेर आली तेव्हा तिच्यावरचं ग्रीस काळं, वाळून कडक झालेलं होतं. जुनं बिल काढून पाहिलं, त्यावर पॅड आणि मजुरी एवढंच आहे.

पॅडबरोबर नेमकं काय काय बदलायचं असतं? गडावर जाताना आईवडील गाडीत असतात, त्यामुळे "चालतंय तोवर चालवा" हा सल्ला मला नकोय.

अंबडचा पाना:
भाऊ, पॅडला दोष देऊ नका, तुम्ही पकडलंय तेच खरं आहे. मी एमआयडीसीत गॅरेज चालवतो. अशी एका बाजूने खाल्लेली पॅडची जोडी माझ्या बाकावर सतत येते.

तुमच्या गाडीचा कॅलिपर तरंगता आहे. पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. पेडल दाबलं की पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच्या उलट जोराने अख्खा कॅलिपर दोन पिनांवरून सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. म्हणजे बाहेरच्या पॅडचं काम पूर्णपणे त्या दोन पिनांवर अवलंबून आहे. पिन जाम झाली की कॅलिपर सरकत नाही आणि सगळा भार आतल्या पॅडवर येतो. पेडल सोडल्यावरही कॅलिपर मोकळा होत नाही, पॅड डिस्कला घासत राहतो, म्हणून चाक तापतं.

क्लिपांचं दुखणं वेगळं. क्लिपा ज्याच्या खाचेत बसतात ते ब्रॅकेट ओतीव लोखंडाचं असतं. क्लिपेच्या खाली पाणी शिरलं की तिथे गंज धरतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. तो क्लिपेला आतून वर उचलतो. पॅडचा कान खाचेत सैल सरकायला हवा, तो त्यामुळे आवळला जातो. मग पेडल सोडलं तरी पॅड मागे येत नाही. एकाच टोकाचा कान अडकला असेल तर पॅड तिरका झिजतो, ड्रॉवरचं एका बाजूचं चॅनेल अडकल्यावर ड्रॉवर तिरका जातो तसा.

तुमच्या गाडीला हे घ्या: दोन्ही बाजूंच्या क्लिपांचा संच, पिनांचे रबरी बूट, दोन्ही पिना (एका पिनेच्या टोकाला रबराची बाही असते, तीही), आणि पॅड. पॅड दोन्ही चाकांचे, एकाच चाकाचे नाही. क्लिपा आणि बूट पॅडच्या मानाने अगदी स्वस्त आहेत. पैशांसाठी कोणी हे टाळत नाही. गिऱ्हाईक मागत नाही, दुकानदार आपणहून देत नाही आणि मेकॅनिकला गंज खरवडायचा कंटाळा येतो, म्हणून टळतं.

एक तपासणी मात्र आधी करा. आतला पॅड पिस्टन अडकल्यामुळेही संपतो. कॅलिपर काढल्यावर सी-क्लॅम्पने पिस्टन हळूहळू मागे ढकला. सारख्या जोराने, न अडखळता गेला तर पिस्टन ठीक. अडकत अडकत गेला किंवा त्याचं धुळीचं रबर फाटलेलं दिसलं, तर कॅलिपरची सील किटही लागेल. ढकलताना बॉनेट उघडं ठेवून ब्रेक ऑइलच्या टाकीकडे लक्ष ठेवा, ब्रेक ऑइल वर येतं आणि रंगावर सांडलं तर रंग उठतो.

सातपूर लेथ:
पाना भाऊंच्या म्हणण्यात एक भर. चाक घासतंय आणि पिना, पिस्टन दोन्ही ठीक वाटतायत, असंही होतं. तेव्हा गाडी जॅकवर असताना पेडल दाबून सोडा, चाक जड फिरतंय याची खात्री करा आणि मग कॅलिपरचा हवा काढायचा निपल जरासा सैल करा. थोडं ऑइल उडून चाक एकदम मोकळं झालं, तर दाब आत अडकून राहतोय. बहुतेक वेळा कॅलिपरला ऑइल नेणारा रबरी होज (नळी) आतून फुगलेला असतो: ऑइल जाऊ देतो, परत येऊ देत नाही. निपल सोडूनही चाक जडच राहिलं तर अडकण पिनांत, क्लिपांत किंवा पिस्टनमध्ये आहे. या एका चाचणीने उगाच पार्ट बदलत बसायची वेळ येत नाही. नंतर निपल आवळा, ऑइलची पातळी बघा, गरज पडली तर हवा काढा.

डिस्कची जाडीही मोजून घ्या. कमीत कमी किती चालेल तो आकडा बहुतेक डिस्कवर कोरलेला असतो. त्याच्या खाली गेली असेल तर लेथवर घेऊ नका, नवी टाका. माझ्याकडे लोक हट्टाने घेऊन येतात, मी परत पाठवतो.

जुना ड्रायव्हर, पंचवटी:
मंडळी, एवढं सगळं नवं घ्यायची खरंच गरज आहे का? आम्ही काळी-पिवळी चालवली, त्र्यंबक, शिर्डी, कसारा सगळं केलं. क्लिपा कधी बदलल्याचं आठवत नाही. तारेचा ब्रश मारायचा, पिनांना ग्रीस लावायचं, पुढे चालायचं. आता दुकानं प्रत्येक गोष्टीचा संच काढून विकतात. मजुरी वाढते ती वेगळीच.

अंबडचा पाना:
काका, तुमची अर्धी गोष्ट मी शंभर टक्के मान्य करतो. तारेचा ब्रश हेच खरं काम आहे. गंज न काढता त्यावर नवी क्लिप बसवली तर जुनीपेक्षाही वाईट, कारण ती आणखी आवळून बसते. क्लिपा काढायच्या, ब्रॅकेटची खाच कानसीने आणि ब्रशने धातू चमकेपर्यंत साफ करायची, मगच क्लिप. हे न करणाऱ्याने नव्या क्लिपा विकत घेऊच नयेत.

पण क्लिप म्हणजे नुसता पत्रा नाही, स्प्रिंगचं पोलाद आहे. पॅडला वाजू न देणं आणि सरळ धरणं हे तिचं काम. घाटातल्या उष्णतेने तिचा ताण कमी होतो, कानाखाली ती झिजून चर पडते. क्लिप काढून उजेडात धरा. चर नाही, वाकलेली नाही, दोन्ही पाय सारखे उसळतात, पॅड हाताने सरकतो, तर साफ करून परत लावा, माझी ना नाही. यातलं एक जरी चुकत असेल तर बदला. पिनेचंही तसंच. अंगावर गंजाचे खड्डे किंवा एका बाजूला झिजून सपाट झालेली जागा दिसली, की पॉलिश पेपर मारून ती परत बसवू नका. पेपरने पिन बारीक होते आणि कॅलिपर खडखडतो.

आणि पाऊसपाण्याचाही फरक आहे काका. शहरात फिरणाऱ्या गाडीच्या क्लिपा वर्षानुवर्षं बऱ्या राहतात. इगतपुरी-घोटी-त्र्यंबक पट्ट्यात रोज जाणाऱ्या गाडीचं ब्रॅकेट पावसाळ्यात कोरडं म्हणून होत नाही. त्या गाड्यांना मी दर पावसाळ्यानंतर पिना काढून बघायला सांगतो, पॅड संपायची वाट बघत नाही.

जुना ड्रायव्हर, पंचवटी:
उजेडात धरून बघायचं हे पटलं. बघून ठरवायचं असेल तर माझा विरोध नाही. न बघता सगळं बदला म्हणणाऱ्यांना माझा विरोध होता.

दिंडोरीकर:
क्लिपा सुट्या मिळतात का पण? मी द्वारका ते मुंबई नाका सगळी स्पेअरची दुकानं पालथी घातली. निम्म्या ठिकाणी "पॅडसोबतच येतात", उरलेल्या ठिकाणी "असं काही वेगळं येत नाही".

सातपूर लेथ:
दोन्ही उत्तरं अर्धवट आहेत. काही कंपन्यांच्या पॅडच्या डब्यात क्लिपा असतात, काहींच्या नसतात, म्हणून डबा काउंटरवरच उघडून बघायचा. सुट्या हव्या असतील तर गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगून भागत नाही, चासी नंबर द्या, कारण एकाच मॉडेलला मधल्या काळात कॅलिपर बदललेला असतो. दुकानात "फिटिंग किट" किंवा "क्लिप सेट" म्हणून मागा, आणि पिनांच्या बूटांसाठी "पिन बूट किट" वेगळं मागा. नसेल तर मागवून घ्या, पण जुनी क्लिप सोबत न्या आणि शेजारी ठेवून जुळवा. वरची आणि खालची क्लिप वेगळी असू शकते.

इंदिरानगरकर:
माझा प्रश्न मागच्या ड्रमचा आहे. वॅगनआर आहे. हँडब्रेक आता खूप वर ओढावा लागतो, पेडलही आधीपेक्षा खाली जातं. गॅरेजवाल्या दादांनी हँडब्रेकची केबल आवळून दिली, काही दिवस बरं वाटलं, परत तेच. आता ते लायनर बदलू म्हणतायत. लायनरबरोबर आतल्या स्प्रिंगाही बदलायच्या का? मी उघडलेला ड्रम कधी पाहिलेला नाही, त्यामुळे जरा सविस्तर सांगाल का?

सातपूर लेथ:
ताई, केबल आवळणं हा तुमच्या दुखण्यावरचा इलाज नाही. ड्रममध्ये दोन शू असतात, त्यांच्यावर लायनर चिकटवलेलं असतं. लायनर झिजेल तसा शू आणि ड्रममधला फट वाढतो. तो फट भरून काढायला मध्ये एक ॲडजस्टर असतो, तो थोडा थोडा लांब होत जातो. तोच गंजून बसला की फट वाढतच राहतो. शूना ड्रमपर्यंत पोचायला जास्त जावं लागतं, म्हणून पेडल खाली जातं आणि हँडब्रेक वर येतो. केबल आवळल्याने शू कायमचे अर्धवट उघडे राहू शकतात, मग ॲडजस्टरला काम करायला वावच उरत नाही.

ड्रम उघडल्यावर स्वतः उभं राहून हे बघा.

परत ओढणाऱ्या स्प्रिंगा. त्या पेडल सोडल्यावर शू मागे खेचतात. चांगल्या स्प्रिंगेचे वेढे मोकळ्या अवस्थेत एकमेकांना चिकटून असतात. वेढ्यांत फटी दिसल्या, रंग निळसर झालेला दिसला, किंवा टोकाचा आकडा झिजून पातळ झालेला दिसला, तर ती तापून सैल झालीय. सैल स्प्रिंग शू पूर्ण मागे घेत नाही, ड्रम घासत राहतो, आणखी तापतो. आकडा तुटला तर सुटा तुकडा फिरत्या ड्रममध्ये पडतो आणि चाक तिथल्या तिथे अडकू शकतं. म्हणून लायनर बदलताना स्प्रिंगा माझ्या मते बदलायच्याच, इथे मी बघून ठरवा म्हणणार नाही.

शू धरून ठेवणारी खिळ्यासारखी पिन, तिची छोटी स्प्रिंग आणि वाटी. पाण्याने पिनेचं डोकं गंजून निखळतं. तीही किटमध्ये येते.

ॲडजस्टर. काढून, साफ करून आटे हाताने पूर्ण फिरतात का बघायचं. दातऱ्या चाकाचे दात बोथट झाले असतील तर नवा. डाव्या-उजव्या चाकाचे ॲडजस्टर बहुतेक वेळा उलट आट्यांचे असतात. अदलाबदल झाली तर शू ड्रमजवळ यायच्या ऐवजी लांब जातात. म्हणून एका वेळी एकच बाजू उघडायला सांगा, म्हणजे दुसरी बाजू नमुना म्हणून समोर राहते. तुम्ही फोनवर फोटो काढून ठेवा.

मागची प्लेट. शूच्या कडा जिथे टेकतात तिथे उंचवटे असतात. तिथे चर पडले असतील तर शू त्यात अडकतो आणि ब्रेक झटक्याने लागतो. उंचवट्यांवर उष्णता सहन करणाऱ्या ग्रीसचा पातळ थर, लायनरला त्याचा डागही नको.

व्हील सिलिंडरच्या (ऑइलच्या दाबाने शू बाहेर ढकलतो त्याच्या) रबराच्या कडा उचलून बघायला सांगा. आत ओलं दिसलं तर सिलिंडरही आत्ताच बदला. गळकं सिलिंडर ठेवून नवं लायनर टाकलं तर ते ऑइलमध्ये भिजतं, आणि भिजलेलं लायनर साफ करून वापरायचं नसतं.

सगळं झाल्यावर आधी शू जुळवायचे, केबल सगळ्यात शेवटी. आणि ड्रममधली धूळ हवेचा फवारा मारून उडवू देऊ नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनरने ओलं करून पुसायचं.

इंदिरानगरकर:
खूप आभार दादा. पोस्ट छापून गॅरेजला नेते. तिथले दादा चांगले आहेत, दाखवलं की करतील.

पाथर्डी फाटा:
ग्रीसबद्दल विचारायचं होतं. आमच्याकडे पिनांना तेच चेसिसचं पिवळं ग्रीस लावतात. चालतं का?

अंबडचा पाना:
अजिबात नाही. ब्रेकमधली रबरं खनिज तेलाच्या ग्रीसने फुगतात. पिनेच्या टोकाची रबरी बाही फुगली की पिन भोकात आवळून बसते आणि काही महिन्यांत गंगापूररोडकरांसारखा प्रकार होतो. पिनांना सिलिकॉनचं किंवा ब्रेकच्या पिनांसाठी म्हणून मिळणारं सिंथेटिक ग्रीसच लावा. गंज सोडवायचा स्प्रेही रबराजवळ नको.

ग्रीस पातळ थरात लावायचं. भोकात कोंबलं तर पिन आत ढकलताना हवा आणि ग्रीस अडकतं आणि पिन स्वतःहून परत बाहेर येते. बसवून झाल्यावर बोटाने दाबून बघा: पिन आत राहिली पाहिजे, बूटाची कड खाचेत पूर्ण बसलेली पाहिजे. बाहीची पिन वर की खाली हे गाडीप्रमाणे ठरतं, काढतानाच खूण करून ठेवा. बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कलाच (आवळायच्या जोरालाच) आवळा. आणि कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा. एवढी साधी गोष्ट रोज मोडलेली बघतो.

गंगापूररोडकर:
काम झालं. दुसऱ्या गॅरेजमध्ये, समोर उभं राहून करून घेतलं. पिस्टन छान मागे गेला, होजही ठीक निघाला. खालची पिन मात्र मधोमध खड्डे पडलेली होती. क्लिपांखालची खाच साफ करायला जेवढा वेळ गेला, तेवढा बाकी सगळ्या कामाला मिळूनही गेला नसेल. कानस फिरवताना तांबडी भुकटी पडत होती आणि खालून स्वच्छ करडा धातू वर येत होता. जुन्या क्लिपेत पॅड हातोडीने ठोकून बसवावा लागला असता, नव्या क्लिपेत अंगठ्याने सरकला. हे प्रत्येकाने एकदा स्वतः करून बघावं.

पॅड बसवताना एक प्रश्न पडला: ब्रेक ऑइलही बदलायला हवं होतं का?

अंबडचा पाना:
दोन वर्षं झाली असतील तर हो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअस, पाणी शोषल्यावर १४० पर्यंत उतरतो. डॉट ४ चा २३० वरून १५५. तुमचा घासणारा कॅलिपर गडाच्या उतारावर नेमकी हीच उष्णता ऑइलला देत होता. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते आणि पेडल थेट तळाला जातं. गाडीच्या ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर जे लिहिलंय तेच ऑइल भरा.

पहिल्यांदा गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप करायचं विसरू नका. मग नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून रिकाम्या रस्त्यावर ५०-६० च्या वेगावरून १५-२० पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग कमी करा, पूर्ण थांबायचं नाही, मध्ये डिस्क थंड व्हायला वेळ द्या. सकाळी लवकर गेलात तर त्र्यंबक रोडला जागा मिळते. गडाची फेरी त्यानंतर. आणि उतरताना चढतानाच्याच गिअरमध्ये उतरा.

घोटीवाला:
मुंबईला जाताना कसाऱ्याच्या घाटालाही तेच लागू. समृद्धीचा इगतपुरी-आमणे टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाल्यापासून बरेच जण बोगद्यातून जातात, पण माल भरलेल्या गाड्या अजून जुन्या घाटात भरपूर असतात. पावसाळ्यात धुक्यात पुढच्या गाडीच्या ब्रेकचा करपट वास काचा बंद असतानाही येतो.

पिंपळगावचा बागायतदार:
आमचं पिकअप आहे, हंगामात द्राक्षाचे क्रेट भरून दिंडोरी, नाशिक, कधी वाशी. पुढचे पॅड फार लवकर संपतात, दोन्ही बाजूंचे अगदी सारखे. पिना-क्लिपा वर सांगितल्याप्रमाणे बघितल्या, मोकळ्या आहेत. मागचं लायनर मात्र जवळपास नव्यासारखं दिसतं. याचं काय समजायचं?

सातपूर लेथ:
दादा, मागचे ब्रेक काम करत नाहीयेत, सगळं ओझं पुढचे पॅड ओढतायत. आधी मागचे ॲडजस्टर बघा, वॅगनआरच्या ताईंना लिहिलंय तेच. ते मोकळे असतील तर गाडीखाली जाऊन मागच्या ॲक्सलवरून चासीकडे जाणारा एक दांडा शोधा. ज्या पिकअपला लोडप्रमाणे दाब बदलणारा व्हॉल्व्ह असतो, त्या व्हॉल्व्हला तो दांडा जोडलेला असतो. माल भरला की गाडी खाली बसते, दांडा फिरतो आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. चिखलाने आणि गंजाने तो रिकाम्या गाडीच्या जागी अडकला, तर क्रेट कितीही भरा, मागचे ब्रेक रिकाम्या गाडीएवढाच दाब घेतात.

पिंपळगावचा बागायतदार:
दांडा आहे. गाडीखाली झोपून बघितलं, सांध्यातलं रबर गेलंय आणि हाताने हलवला तरी हलत नाही.

सातपूर लेथ:
मग सापडलं. सांध्याचं रबर आणि बुश नवे घ्या. दांड्याची लांबी मात्र अंदाजाने बदलू नका, कंपनीच्या मापावरच जुळवायची असते. जास्त ताणला तर रिकाम्या गाडीची मागची चाकं ओल्या रस्त्यावर आधी लॉक होतात आणि गाडी फिरते. माप घेताना गाडी रिकामी हवी, सपाट जमिनीवर हवी आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना जादा पान घातलेलं असेल तर ते मेकॅनिकला आधी सांगा. जादा पानामुळे गाडी भरल्यावरही खाली बसत नाही आणि व्हॉल्व्हला माल चढल्याचं कळतच नाही.

पिंपळगावचा बागायतदार:
जादा पान घातलेलं आहे. दोन्ही बाजूंना. सोमवारी गाडी घेऊन सातपूरला येतो.